ट्रॅक्टरचा ताप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी पाककृतींवर बोलते, कोणी मुलांच्या संगोपनावर, कोणी संतचरित्रावर. ह्या वेळी माझे नाव पुकारले गेले, तेव्हा मी विषय सांगितला आणि दोन-तीन मैत्रिणींनी तोंडाला पदर लावला. विषय असा की, घरी जुना लहान डिझेल ट्रॅक्टर असेल, तर त्याचे इंजिन तापताच त्याने स्वतः ओरडावे, आणि कोणी ऐकले नाही तर स्वतः बंद पडावे, ही सोय कशी करून घ्यावी. "ह्यात बायकांचे काय काम?" असे एकीने मला विचारलेही. तिला मी म्हटले, "इंजिन जळाल्यावर पेटीतून पाटल्या कोणाच्या निघतात, ते आधी सांग."

आपल्या मंडळात निम्म्याहून अधिक घरी शेती आहे. सगळ्यांकडे मोठा ट्रॅक्टर नाही. पण उसाच्या सरीतून जाणारा, पंधरा-अठरा अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर बऱ्याच घरी आहे, आणि तो बहुधा दुसऱ्याकडून घेतलेला, वापरून जुना झालेला असतो. भरणी त्याच्यावर, खत-मातीची लहान ट्रॉली त्याच्यावर, शिवाय चार दिवस शेजाऱ्याकडे भाड्यानेही जातो. घरातल्या दुभत्या म्हशीइतकेच त्याच्यावर घर अवलंबून असते. म्हशीला ताप आला, तर वैरण सोडल्यावरून आपल्याला आधी कळते. ट्रॅक्टरला आलेला ताप मात्र पुष्कळदा कोणालाच कळत नाही.

पूर्वी तसे नव्हते. पंचगंगेच्या काठी पाणी उपसायला जी जुनी डिझेल इंजिने बसवलेली असत, त्यांतल्या पुष्कळ इंजिनांना पंपाचेच थोडे पाणी फिरवून थंड ठेवीत. ते पाणी इंजिनातून जाऊन बारीक नळीने बाहेर पडे. आमचे मामंजी त्या धारेखाली हात धरून सांगत, "आज इंजिन गरम चाललंय." धार बंद झाली की इंजिन बंद करायचे, हा नियम लहान पोरालाही ठाऊक होता. ट्रॅक्टरमध्ये मात्र तेच पाणी आत कोंडलेले असते. रेडिएटरमधून इंजिनात आणि इंजिनातून रेडिएटरमध्ये ते फिरत राहते. तिथे हात लावायला जागा नाही. चालकासमोर एक छोटा काटा असतो, तेवढाच काय तो निरोप.

आणि हा काटा पाहायचा कोणी? सरीतून चालवताना माणसाची मान मागे वळलेली असते, कारण मागचे अवजार उसाला लागते की काय हे पाहायचे असते. डोळ्यांवर ऊन, काचेवर धूळ. काटा लाल रेषेवर गेला तरी तो आवाज करीत नाही. म्हणून नुसता काटा असणे ही सोय अपुरी आहे.

विजेच्या मोटारीची गोष्ट आठवा. आपल्या विहिरीवरच्या पंपाला स्टार्टर असतो. मोटारीवर जास्त भार आला की त्यातला रिले सुटतो आणि मोटार आपोआप बंद पडते. वीज गेली की तो स्टार्टर सुटतो आणि वीज आली तरी कोणी दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. स्टार्टरविना मोटार बसवणाऱ्याला आपण वेड्यात काढू. मग मोटारीपेक्षा कितीतरी महाग असलेले ट्रॅक्टरचे इंजिन राखणीवाचून का चालवायचे? इस्पितळात आणि मंगलकार्यालयात जे डिझेलचे जनरेटर असतात, त्यांच्याजवळ कोणी काटा पाहत बसत नाही. म्हणून त्यांना दोन पहारेकरी बसवलेले असतात. पाणी फार तापले की एक इंजिन बंद करतो. वंगणाच्या तेलाचा दाब उतरला की दुसरा बंद करतो. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला हवे ते हेच, आणि त्याचे भाग जनरेटरचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. आपल्या शिवाजी उद्यमनगरात तर लोखंडाचे कोणतेही काम करणारा हात सापडतो. तेव्हा ही काही परदेशातून आणायची वस्तू नव्हे.

आता इंजिन तापते म्हणजे काय होते, ते थोडक्यात सांगते. डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याजोगी होते आणि तीत सोडलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन इंजिनियराने १८९७ साली असे इंजिन चालवून दाखवले, म्हणून त्याचे नाव इंजिनालाही पडले आणि इंधनालाही. ह्या जळण्याच्या उष्णतेचा काही भागच कामाला येतो. उरलेली थोडी धुराबरोबर जाते आणि थोडी पाण्याने वाहून न्यावी लागते. पाण्याने ती नेली नाही, तर पिस्टन फुगतो, त्याच्या भोवतीचा तेलाचा पातळ थर नाहीसा होतो आणि पिस्टन आपल्या नळकांड्याला धरून बसतो. वरचे हेड वाकते किंवा तडकते, मधले गॅस्केट जळते. ह्याला फार वेळ लागत नाही. काम भरात असेल तर काही मिनिटांचाच खेळ असतो.

आमच्या घरी हे घडले आहे. उसाच्या भरणीचे दिवस होते, पाऊस तोंडावर आला होता. रेडिएटरची खालची रबरी नळी जुनी होऊन चिरलेली होती. ती सरीत असतानाच फुटली आणि पाणी मातीत गेले. धाकटे भावजी चालवत होते. त्यांनी मध्ये एकदा समोर पाहिले, तेव्हा काटा चढलेला होता. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, तर काटा खाली उतरलेला. त्यांना वाटले, निवले. ते पुढे गेले, आणि पुढच्याच सरीत इंजिन कण्हल्यासारखा आवाज करून जागच्या जागी थांबले. पिस्टन धरला होता, हेड वाकले होते. इंजिन उघडण्याचा खर्च, तीन आठवडे दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने, आणि तोवर पाऊस आल्याने अर्धी भरणी माणसे लावून. माझ्या दोन पाटल्या पतसंस्थेत गेल्या. त्या सुटून यायला पुढच्या उसाचे बिल यावे लागले.

पाणी निघून गेल्यावर काटा वर जायचा सोडून खाली का आला? हे कोडे मला कितीतरी दिवस सुटेना. भावजींनाही सुटेना. ते स्वतःला दोष देत राहिले. त्यांचा त्यात दोष नव्हता. शेवटी उत्तर सापडले ते चुलीपाशीच, आणि आजच्या भाषणात मला सांगायचे आहे ते मुख्यतः हेच.

पातेल्यात भात ठेवला आहे. जोपर्यंत पाणी आहे, तोपर्यंत जाळ कितीही वाढवा, पातेल्याचा तळ जळत नाही. पाणी उकळते, वाफ होते, पण उकळत्या पाण्याची उष्णता एका अंशाने वाढत नाही. पाणी आटले की मात्र बघता बघता भात करपतो. गुऱ्हाळावरची काहिल पाहिली असेल, तर तिथेही हेच. रस पातळ असतो तोवर तो शंभर अंशांच्या आसपासच खदखदत राहतो. पाणी उडत गेले की मग अंश चढू लागतात, आणि साधारण ११८ अंशांना गुळव्या काहिल उतरवतो. तेव्हा पाणी आहे तोवर ताप आवरलेला असतो आणि पाणी गेले की तो सैल सुटतो.

ट्रॅक्टरचा ताप मोजणारा सेन्सर म्हणजे पितळेची एक लहान खुंटी. ती पाण्यात बुडवून बसवलेली असते आणि पाण्याचाच ताप सांगते. पाणी निघून गेले की ती खुंटी मोकळ्या हवेत किंवा वाफेत लोंबते. लोखंड भाजून निघत असते, आणि खुंटी मात्र हवेचा ताप सांगत असते. म्हणून काटा उतरतो. ज्या क्षणी धोका सर्वांत मोठा, त्याच क्षणी काटा "सारे ठीक आहे" म्हणतो!

ह्यात आपल्या कोल्हापूरची आणखी एक गोष्ट मिळते. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणून इथे उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण हे साधे झाकण नव्हे. कुकरच्या झाकणासारखे ते आत दाब धरते, आणि त्यामुळे पाणी उशिरा, ११० अंशांच्या आसपास उकळते. जुन्या ट्रॅक्टरच्या झाकणाचे रबर कडक झालेले असते, स्प्रिंग मरगळलेली असते. मग दाब धरला जात नाही आणि पाणी ९८ लाच उकळून उडू लागते. आता समजा, मेस्त्रीने १०५ अंशांना इंजिन बंद करणारा स्विच पाण्यात बसवला. पाणी ९८ च्या वर चढणारच नाही, ते नुसते आटत जाईल. आणि आटल्यावर स्विच हवेत लोंबेल. पैसे खर्चूनही पहारेकरी झोपलेलाच राहील. म्हणून पहिले काम नवे झाकण बसवण्याचे, आणि दुसरे काम ताप पाण्याचा नव्हे तर लोखंडाचा मोजण्याचे.

लोखंडाचा ताप मोजायला कानातल्या रिंगेसारखा, चकतीचा सेन्सर मिळतो. तो इंजिनाच्या हेडवरच्या एखाद्या बोल्टखाली घट्ट बसवतात. मात्र हेड आवळणारा मुख्य बोल्ट त्यासाठी सैल करू नये. दुसरा लहान बोल्ट निवडावा. पाणी असो वा नसो, हा सेन्सर खरे बोलतो. ज्या ट्रॅक्टरांचे इंजिन वाऱ्याने थंड होते, ज्यांना रेडिएटरच नसतो, त्यांना तर हाच एक उपाय आहे. पाण्यातला जुना काटा आहे तसा राहू द्यावा. ह्याशिवाय रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाण्याची पातळी पाहणारी एक कांडी बसवता येते. पाणी तिच्याखाली गेले की ती कळवते. दोन्ही बसवले तर उत्तम. एकच बसवायचा तर हेडवरचा बसवावा.

आता ओरडायचे कधी आणि थांबायचे कधी? कुकरची रचना आपण रोज पाहतो. आधी शिट्टी होते. शिट्टी अडली आणि दाब फार वाढला, तरच सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. ट्रॅक्टरलाही ह्याच क्रमाने दोन पायऱ्या हव्यात. चांगल्या इंजिनाचे पाणी काम करताना ८० ते ९० अंशांच्या दरम्यान राहते. पाण्यावर ९५ अंशांच्या सुमारास बझर वाजावा. इंजिनाच्या आवाजातही ऐकू येईल असा मोठा. बझर वाजला की चालकाने अवजार उचलावे, भार काढावा आणि इंजिन मंद गतीवर चालू ठेवावे. पाणी शाबूत असेल तर पंखा आणि पंप ते निववतात. तापलेले इंजिन एकदम बंद केले, तर पाण्याचे फिरणेही थांबते आणि आतली उष्णता आतच राहते. पण वाफ फुसफुसत असेल, पाणी गळताना दिसत असेल किंवा तेलाचा दिवा लागला असेल, तर मंद गती वगैरे काही नाही, तत्क्षणी बंद.

दुसरी पायरी आपोआप बंद होण्याची. हेडचे लोखंड पाण्यापेक्षा नेहमीच थोडे अधिक तापते, म्हणून तिथला आकडा सर्व ट्रॅक्टरांना एकच सांगता येत नाही. ट्रॅक्टर भरल्या कामावर तासभर चालवून हेडचा नेहमीचा ताप किती, ते मेस्त्रीने आधी मोजावे आणि बंद होण्याचा अंक त्याच्या थोडा वर ठेवावा. बझर वाजल्यापासून पंधरा-वीस सेकंदांची उसंत असावी. ट्रॅक्टर रस्ता ओलांडत असेल, मागे ट्रॉली असेल आणि अवचित इंजिन बंद पडले, तर एक संकट टाळताना दुसरे ओढवेल. त्यासाठी एक दाबून धरायचे बटण ठेवतात. धरले आहे तोवर इंजिन चालते, सोडले की पहारा पुन्हा सुरू. हे बटण कधीही अडकून राहणारे नसावे, नाहीतर ते कायमचे अडकवूनच ठेवले जाते.

डिझेल इंजिन बंद कसे होते, हे कळले की पुढचे सोपे होते. जुन्या ट्रॅक्टरची किल्ली फिरवली तरी इंजिन चालतच राहते, कारण तिथे बंद करायला ठिणगीच नाही. चालक एक मूठ ओढतो, तिची तार डिझेल पंपाची दांडी ओढते, डिझेल तुटते आणि इंजिन थांबते. तेव्हा ती दांडी ओढणारा एक विजेचा हात बसवायचा, एवढेच काम. त्याला सोलेनॉइड म्हणतात. ते एक वेटोळे असते. वीज आली की मधली सळई आत खेचली जाते.

हे काम करून घेताना मेस्त्रीला पाच गोष्टी विचाराव्यात. त्या मी शिकून घेतल्या आहेत, म्हणून सांगते.

पहिली: डिझेल कोठे तोडणार? टाकीजवळच्या नळीत झडप बसवणे सोपे असते, पण त्यापुढे फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर इंजिन आणखी काही वेळ चालते आणि जळायचे ते जळून जाते. शिवाय नळीत हवा शिरते आणि ती काढत बसावे लागते. पंपाची दांडीच ओढली पाहिजे. पंपाचे सील मात्र तोडू देऊ नये. पट्टी बाहेरून बसवावी.

दुसरी: सळई पूर्ण आत जाते का? सोलेनॉइडला ओढताना फार वीज लागते आणि धरून ठेवायला थोडी पुरते. सळई अर्ध्यावर अडली, तर जास्तीची वीज वाहतच राहते आणि वेटोळे जळते. म्हणून दांडीचे अंतर मोजून जुळवावे. वीज रिलेतून आणि जाड तारेतून द्यावी, फ्यूज अवश्य घालावा. सेन्सरच्या बारीक तारेतून ती कधीच देऊ नये.

तिसरी: तार तुटली तर काय होईल? सरीत पाचट आहे, उंदीर आहेत, तार तुटणारच. ती तुटल्यावर पहारा गुपचूप बंद पडला आणि आपण निश्चिंत राहिलो, तर ते सर्वांत वाईट. तार तुटताच बझर वाजावा, अशी जोडणी मागून घ्यावी.

चौथी: तेलाच्या दाबाचा पहारा जोडणार ना? पाण्याइतकेच तेल महत्त्वाचे. पण इंजिन चालू होईपर्यंत तेलाला दाबच नसतो. म्हणून सुरुवातीचे काही सेकंद हा पहारा गप्प राहील, अशी सोय हवी. नाहीतर ट्रॅक्टर चालूच होणार नाही, आणि वैतागून कोणीतरी सगळ्याच तारा तोडून टाकील.

पाचवी: हाताने बंद करायची जुनी मूठ पूर्वीसारखीच चालते ना? यंत्राचा हात बसवला म्हणून माणसाचा हात काढून घेऊ नये.

आम्हाला हे सारे सामान मजुरीसकट एका नव्या बॅटरीच्या किमतीच्या आसपास पडले. पाटल्यांशी त्याची तुलना मी इथे करीत नाही. ती ज्याने त्याने आपल्या घरी करावी.

आता एक कटु गोष्ट सांगते. हे बसवले म्हणजे काम संपले, असे समजू नका. तापाची गोळी हाताशी आहे म्हणून कोणी घाणेरडे पाणी पीत नाही. ट्रॅक्टर तापण्याची कारणे बहुधा साधीच असतात. रेडिएटरच्या जाळीत पाचट, भुसा आणि माती बसून वारा अडतो. ती जाळी इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला, हलक्या पाण्याने धुवावी, जोराच्या फवाऱ्याने तिच्या पात्या वाकतात. पंख्याचा पट्टा सैल होतो. अंगठ्याने दाबून तो साधारण बोटाच्या रुंदीहून जास्त खाली जाऊ नये. रबरी नळ्या चिरतात. थर्मोस्टॅट नावाची आतली झडप कोणी कोणी काढून फेकून देतात आणि "आता थंड राहील" म्हणतात. तसे करू नये. काही इंजिनांत पाणी मग रेडिएटरला टाळून जवळच्या वाटेनेच फिरते आणि ताप उलट वाढतो.

बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालणे हे तर घरोघर चालते. आपल्या न्हाणीतल्या बंबात क्षारांचा पापुद्रा कसा धरतो, ते आपण सगळ्या जाणतो. तोच पापुद्रा इंजिनाच्या आत धरतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. तिथे कूलंट आणि शुद्ध पाणी ह्यांचे मिश्रण घालावे. प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. पण हे रंगीत कूलंट विषारी असते आणि चवीला गोडसर लागते, हे प्रत्येक आईने लक्षात ठेवावे. बदललेले कूलंट अंगणात ओतू नये, परातीत उघडे ठेवू नये. मूल, कुत्रे, वासरू कोणीही ते चाटू शकते आणि थोड्यानेही जीव जाऊ शकतो. डबा औषधांसारखा कुलपात ठेवावा, आणि सरबताच्या बाटलीत तर तो कधीही ओतू नये.

बझर वाजून इंजिन थांबले म्हणजे घाईने झाकण उघडायला कोणी धावेल. त्याला थांबवणे हे आपले काम. आतले पाणी दाबाखाली शंभराच्या वर तापलेले असते. झाकण सैल होताच ते वाफेसह तोंडावर उडते. निदान अर्धा तास जाऊ द्यावा, मग जाड फडके धरून आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, फुसफुस थांबली की पूर्ण काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाणीही एकदम ओतू नये. तापल्या काचेवर गार पाणी पडावे तसे हेड तडकते. आणि दुर्दैवाने कोणी भाजलेच, तर भाजलेल्या जागी वाहते गार पाणी वीस मिनिटे धरावे. शाई, टूथपेस्ट, तूप, हळद काही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना गाठावा.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक परीक्षा घ्यावी. तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. इंजिन न लावता किल्ली फिरवावी. तेलाचा दिवा लागलाच पाहिजे. मग इंजिन मंद चालू करून सेन्सरची तार काढावी. बझर वाजलाच पाहिजे, आणि ठरलेल्या उसंतीनंतर इंजिन थांबलेच पाहिजे. आमच्या घरी ही परीक्षा मीच घेते. किराणा भरायची तारीख तीच असल्याने विसर पडत नाही. भावजी लांबून हसत म्हणतात, "वहिनी, मेस्त्रीण झालात." होऊ दे. पण दोन महिन्यांपूर्वी परीक्षेत बझर वाजला नाही. पाहिले तर भूमिगत कारभार उंदराचा नव्हे, बझरच धुळीने मेला होता. तो बदलला. तारीख चुकली असती, तर पहारेकरी मेलेला आहे हे आम्हाला पुढच्या भरणीलाच कळले असते.

भगिनींनो, किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली निघाला, तेव्हा लोखंडी नांगर हीच मोठी नवलाई होती, आणि लाकडी नांगरावर वाढलेली माणसे त्याकडे साशंक नजरेने बघत. आज आपल्या दारात इंजिने उभी आहेत. ती विकत घेताना घरात आपले मत कोणी विचारले असेल किंवा नसेल. पण कर्जाच्या कागदावर पुष्कळ जणींच्या सह्या आहेत. ज्या वस्तूच्या कर्जावर आपली सही आहे, ती वस्तू कशाने जगते आणि कशाने मरते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. आणि ते समजायला फार मोठी विद्या लागत नाही. पाणी आटले की पातेले जळते, हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिला ह्यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

माझी मंडळाला एक विनंती आहे. सुगीपूर्वी एका रविवारी आपल्या पटांगणात ज्यांना आणता येतील त्यांनी आपापले लहान ट्रॅक्टर आणावेत. एक जाणता मेस्त्री बोलवावा. झाकण, पट्टा, नळ्या आणि जाळी, एवढ्या चारच वस्तू सगळ्यांच्या तपासाव्यात, आणि ज्यांना पहारा बसवायचा असेल त्यांनी एकत्र सामान आणावे म्हणजे स्वस्तही पडेल. पुरुषमंडळींनाही बोलवावे, चहाची व्यवस्था आपण करू, आणि प्रश्नही आपणच विचारू.